पॅट्रिकचा हिशेब

गेल्या वर्षी उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण शिकागोहून महिनाभराच्या रजेवर घरी आला होता. भेटीस येताना त्याने आमच्यासाठी एक हिरवी टोपी आणली. टोपी उंच, मखमलीसारख्या कापडाची, पुढे काळा पट्टा आणि त्यावर सोनेरी प्लास्टिकचे बक्कल. ‘फादर, ही संत पॅट्रिकची टोपी,’ असे म्हणून तो स्वतःच हसला. पाचव्या शतकातील कोणा बिशपाने असली टोपी डोक्यावर ठेवली नसेल हे त्यालाही कळत होते. मग त्याने तेथील सणाचे वर्णन केले. १७ मार्च हा आयर्लंडच्या आश्रयदात्या संताचा दिवस. परंतु शिकागोत त्याच्या अलीकडच्या शनिवारीच नदी हिरवी करतात, काठांवर माणसांची दाटी होते, आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी आयर्लंड पाहिले नाही तेही त्या दिवशी आयरिश होतात. ‘मीसुद्धा झालो होतो, फादर,’ तो म्हणाला.

ती टोपी अजून आमच्या टेबलावर आहे. तिला कोठे ठेवावे हे सुचत नाही, आणि टाकून द्यावी असेही वाटत नाही. या लेखाचे निमित्त तीच.

प्रथम पैशाचे बोलू, कारण या सणाची चर्चा हल्ली तेथूनच सुरू होते. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी सणापूर्वी ग्राहकांची पाहणी करते. २०२३ साली लोक या सणावर ६९० कोटी डॉलर खर्च करतील असा तिचा अंदाज होता. २०२४ साली तो ७२० कोटी डॉलरवर गेला. त्या वेळच्या दराने हे सुमारे साठ हजार कोटी रुपये होतात. १०० पैकी ६२ जण सण साजरा करणार आणि प्रत्येक जण सरासरी ४४ डॉलर खर्चणार, असा तो हिशेब होता. हे इराद्याचे आकडे आहेत, प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचे नव्हेत, आणि ते सांगणारे दुकानदारच आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. शिवाय माणशी ४४ डॉलर ही रक्कम त्या देशात उधळपट्टी म्हणून बोट दाखवावे इतकी मोठी नाही. हिरवा सदरा, थोडे गोडधोड, मित्रांसह एक जेवण आणि दोनचार पेले, एवढ्यात ती संपते. तेव्हा ‘किती खर्च केला’ हा प्रश्न आम्हाला फारसा उपयोगाचा वाटत नाही.

पूर्वी तो आम्हालाही उपयोगाचा वाटत असे. काही वर्षांपूर्वी एका प्रवचनात आम्ही या सणाची यथेच्छ टिंगल केली होती. हिरवी बिअर, हिरवी नदी, हिरवे पाव. आणि इकडे संत बिचारा उपाशी, असा आमचा सूर होता. लोक हसले. मिस्सेनंतर दोघांतिघांनी प्रवचन आवडल्याचेही सांगितले. आज ते प्रवचन आठवले की संकोच वाटतो. परक्यांच्या सणाची थट्टा करण्यास धर्मगुरूला काही पडत नाही. आणि आपल्याच वाडीत सणाच्या रात्री काय चालते हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. ज्यांच्या दफनविधीत दारूचे नाव कोणी उच्चारले नाही, परंतु सर्वांना ते ठाऊक होते, असे काही विधी आम्ही स्वतः केले आहेत. त्यांच्याविषयी त्या दिवशी आम्ही अवाक्षर काढले नाही.

या सणावर ख्रिस्ती बाजूने केलेली टीका आमच्यापुरतीच नाही. मेनूथ येथे नीतिशास्त्र शिकविलेले आयरिश धर्मपंडित फादर व्हिन्सेंट टूमी यांनी २००७ साली ‘द वर्ड’ या नियतकालिकात असे मांडले होते की, हा दिवस अर्थहीन मद्योत्सवाच्या हातून सोडवून ख्रिस्तसभेने पुन्हा आपला करावा. त्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तथापि ‘पुन्हा आपला’ या शब्दांपाशी आम्ही अडतो. कारण तो कोणे एके काळी शुचिर्भूत भक्तांचा होता आणि पुढे बाजाराने पळविला, असा इतिहास नाही.

इतिहास काय आहे? १६८१ साली टॉमस डिनली नावाचा इंग्रज प्रवासी आयर्लंडमध्ये होता. त्याने या दिवसाची नोंद केली आहे. लोक टोपीला क्रूस लावतात, गोरगरीब तिपानी गवताची जुडी लावतात. गडीमाणसे मालकाकडे ‘पॅट्रिकचा ग्रोट’ म्हणजे चार पेन्सचे नाणे मागून घेतात, तेवढ्यासाठी कोसन्‌कोस चालत गावात जातात, आणि रात्री शुद्धीवर असलेला भाविक क्वचितच आढळतो. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. त्या वेळी ना अमेरिका नावाचे राष्ट्र होते ना गिनेसची भट्टी. ती भट्टी आर्थर गिनेसने डब्लिनला घेतली १७५९ साली. १७ मार्च हा दिवस नेहमीच उपवासकाळात येतो. जुन्या कडक उपवासाच्या मध्यावर मिळालेली ही एका दिवसाची मोकळीक होती, आणि त्या दिवशीच्या पेयाला आयरिश भाषेत ‘पॅट्रिकचे भांडे’ असे नावच पडले होते. उपाशी माणसाने एक दिवस पोटभर जेवावे, एक दिवस सर्व विसरावे, यात आम्हाला निंद्य असे फार दिसत नाही. आमच्या लहानपणी सणाच्या दिवशीच घरात मटण शिजे. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना डिनलीचे गडीमाणूस परके वाटणार नाही.

कायद्याने पावित्र्य आणण्याचाही प्रयत्न झाला. १९०३ साली हा दिवस आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टीचा ठरला. स्वतंत्र राज्य आल्यावर १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी मद्यविक्री बंद केली गेली. १९६० च्या कायद्याने ती बंदी उठेपर्यंत डब्लिनमध्ये एक गमतीचा अपवाद होता: रॉयल डब्लिन सोसायटीचे कुत्र्यांचे प्रदर्शन. तेथे मद्य मिळत असे. परिणामी त्या एका दिवशी डब्लिनकरांचे श्वानप्रेम अनावर होई. आमदार, कवी, वकील, सारे कुत्री पाहावयास जात. कुत्र्याचे नाव विचारले असते तर किती जणांना सांगता आले असते कोण जाणे. एरवी डब्लिनचा तो दिवस सकाळची मिस्सा, लष्कराचे संचलन आणि पुढे कारखानदारांच्या मालमोटारींची मिरवणूक, असा कोरडाच होता.

१९९५ साली आयरिश सरकारने संत पॅट्रिक महोत्सव स्थापन केला आणि १९९६ च्या मार्चमध्ये तो प्रथम भरला. एका दिवसाचे पुढे तीन, चार, पाच दिवस झाले. जगातील उत्तमोत्तम उत्सवांत आपला उत्सव गणला जावा, परदेशस्थ आयरिशांना मायदेशी येण्याचे निमित्त मिळावे, देशाची सर्जनशील आणि आधुनिक प्रतिमा जगापुढे जावी, असे त्याचे हेतू होते. त्यांत लपविण्यासारखे काही नाही. देश लहान होता, शतकभर माणसे बाहेर पाठवून दमला होता. त्याने आपल्या एका नावाचे दुकान मांडले. २०१० पासून आयर्लंडची पर्यटनसंस्था जगभरच्या इमारती त्या दिवशी हिरव्या दिव्यांनी उजळविते. परंतु ज्या काळ्या बिअरवाचून हा दिवस पुरा होत नाही, तिची मालकी १९९७ पासून लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आहे, हेही जाता जाता नोंदविले पाहिजे.

अमेरिकेतील मिरवणुकीविषयी मात्र घाईने बोलू नये. तिच्यामागे जी माणसे होती त्यांचा विचार केला की आमची लेखणी मवाळ होते. न्यूयॉर्कमध्ये १७६२ साली इंग्रजी सैन्यातील आयरिश शिपायांनी ती काढली. ही पहिली म्हणून सांगितली जात असली तरी स्पॅनिशांच्या ताब्यातील फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन येथे १६०१ सालीच असा सोहळा झाल्याची नोंद सापडली आहे. आम्हाला अधिक मोलाची वाटते ती बॉस्टनची हकीकत. तेथे १७ मार्च १७३७ रोजी काही आयरिश गृहस्थांनी, आणि ते प्रॉटेस्टंट होते हे विशेष, एक मंडळ स्थापिले. त्याचे नाव ‘चॅरिटेबल आयरिश सोसायटी’. हलाखीत सापडलेल्या आपल्या देशबांधवांसाठी वर्गणी काढणे हे त्याचे काम. ते मंडळ आजही आहे. म्हणजे अमेरिकेच्या भूमीवर या सणाच्या नावाने पैसा निघाला तो गरिबाच्या पेटीतही पडत होता.

पुढे १८४५ ते १८५२ चा बटाट्याचा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. जी न्यूयॉर्कला पोहोचली त्यांचे स्वागत कसे झाले? कॅथलिकांविरुद्धचा द्वेष दुष्काळाआधीच पेटलेला होता; १८४४ साली तेथील बिशप जॉन ह्यूज यांनी देवळांभोवती माणसे पहाऱ्यास उभी केली होती, कारण जमाव ती जाळतील अशी भीती होती. अशा शहरात स्वयंपाकीण, हमाल, बांधकामावरचा मजूर हे लोक वर्षातून एक दिवस धुतलेले कपडे घालून भर रस्त्यातून बँडसह चालत. त्यांच्या दृष्टीने रस्त्यावरून चालणे हाच सण होता. याच ह्यूज यांनी १८५८ साली फिफ्थ ॲव्हेन्यूवर संत पॅट्रिकच्या नव्या महामंदिराची कोनशिला बसविली. धनिकांनी हजार-हजार डॉलर दिले, तसे मोलकरणींनीही आपले सेंट दिले. ते १८७९ साली पुरे झाले. त्याच स्त्रिया गावाकडे पत्र पाठवीत त्यात पैसे असत, आणि त्या पैशाने धाकट्या बहिणीचे जहाजाचे तिकीट निघे. टोपी आणणाऱ्या आमच्या तरुणाच्या आईने त्याच्या पैशातून धाकट्याचे शिक्षण केले आहे. त्यामुळे हा भाग वाचून दाखविला तेव्हा तो एकदम गप्प झाला.

शिकागोची हिरवी नदीसुद्धा मुळात मजुरांचीच करामत. नळकारागिरांच्या संघटनेची माणसे नदीत बेकायदा सांडपाणी कोठून येते हे शोधण्यासाठी रंग वापरीत. १९६२ साली तोच रंग त्यांनी सणासाठी नदीत ओतला. प्रथम १०० पौंड ओतला गेला, आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता प्रमाण बरेच कमी आहे. इतक्या निष्पाप पोरखेळावर आम्ही प्रवचनात तोंडसुख घेतले होते.

त्या देशात सणाचे पक्वान्न म्हणून खारविलेले गोमांस आणि कोबी खातात. आयर्लंडच्या खेड्यात कोबीबरोबर असे ते डुकराचे मांस. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत आयरिश गृहिणीला शेजारच्या ज्यू खाटकाकडे जे परवडले ते तिने घेतले, आणि तेच पुढे ‘परंपरा’ झाले. आता सणाचा शुक्रवार आला की या परंपरेपुढे आम्हा धर्मगुरूंची पंचाईत होते. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य. २०१७ आणि २०२३ साली १७ मार्च शुक्रवारी आला तेव्हा अमेरिकेतील अनेक बिशपांनी आपापल्या धर्मप्रांतात सूट दिली. काहींनी त्याबदल्यात दुसरा दिवस पाळण्यास किंवा दानधर्म करण्यास सांगितले. सूट देण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि नियम माणसासाठी असतो हे आम्ही जाणतो. तरी मनात येते की खाटकाच्या दुकानातून आलेली शंभर-दीडशे वर्षांची चाल इतक्या तत्परतेने मानली गेली. याउलट २००८ साली १७ मार्च पवित्र आठवड्यातील सोमवारी आला. आयरिश बिशपांनी संताचा उपासनाविधी १५ मार्चला हलविला. मिरवणुका मात्र १७ तारखेलाच निघाल्या. त्या वर्षी संत एका दिवशी आणि त्याचा सण दुसऱ्या दिवशी, असे उघड वेगळे झाले.

मग तो संत होता तरी कोण? तिपानी गवतावरून त्रैक्याचे रहस्य शिकविणारा आणि साप हाकलून देणारा, असे मिरवणूक सांगते. साप आयर्लंडमध्ये हिमयुगानंतर नव्हतेच. तिपानी गवताची कथा अठराव्या शतकापूर्वी लिहिलेली आढळत नाही. पॅट्रिकचे म्हणून निर्विवाद असे दोन लेख आपल्याकडे आहेत: आत्मनिवेदन, ज्याला ‘कन्फेसियो’ म्हणतात, आणि कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांना लिहिलेले पत्र. दोन्ही लॅटिनमध्ये, दोन्ही एका बैठकीत वाचून होतील इतकी लहान.

पुण्याच्या सेमिनरीत शिकत असताना ‘कन्फेसियो’ आम्ही इंग्रजी भाषांतरातून प्रथम वाचले. कोणी वाचावयास सांगितले नव्हते. पुण्यात संत पॅट्रिकचे कॅथेड्रल आहे. ते १८५० साली छावणीतील आयरिश कॅथलिक शिपायांसाठी उभे राहिले. तेथे एका विधीस गेलो असता, आयरिश संत या गावात कसा, असे मनात येऊन ग्रंथालयात पुस्तक शोधले. (त्या मंदिराच्या थोडे आधी, दुष्काळाच्या काळात, कलकत्त्याहून आयर्लंडला मदतनिधी गेला होता आणि त्यात कंपनीच्या सैन्यातील आयरिश शिपायांचाही वाटा होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले.) पुस्तकाने तेव्हा निराशा केली. चमत्कार थोडे, भाषा ओबडधोबड. लेखक स्वतःच आपल्या अडाणीपणाची पुनःपुन्हा क्षमा मागतो. पन्नाशी उलटल्यावर ते पुन्हा हाती घेतले आणि ध्यानात आले की हे पुस्तक म्हणजे बऱ्याच अंशी पैशाचा हिशेब आहे.

पॅट्रिकवर काही वडीलधाऱ्यांनी आरोप केले होते. त्यांना उत्तर देताना तो जमाखर्च मांडतो. भाविक स्त्रिया आपले दागिने वेदीवर टाकीत. तो ते परत करी आणि त्या रागावत. हजारोंना बाप्तिस्मा दिला, त्याबद्दल कोणाकडून अर्ध्या कवडीची अपेक्षा केली असेल तर सांगा, परत करतो, असे तो बजावतो. धर्मगुरूंना दीक्षा दिली, तेव्हा जोड्याच्या किमतीइतके तरी घेतले का, असे विचारतो. ही जमेची बाजू, जी कोरी आहे. खर्चाची बाजू मात्र भरगच्च. राजांना नजराणे दिले, त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या राजपुत्रांना वेतन दिले. तरी त्यांनी एकदा पकडून बेड्या घातल्या आणि चौदाव्या दिवशी सोडले. आणि प्रदेशाप्रदेशांतील न्यायाधीशांना आपण जे दिले ते पंधरा माणसांच्या किमतीहून कमी नसेल, असा त्याचा अंदाज आहे.

पंधरा माणसांची किंमत! पहिल्या वाचनात आम्ही हे वाक्य अलंकार समजून ओलांडून गेलो होतो. ते तसे नाही. त्या समाजात माणसाला खरोखरच किंमत होती. जुन्या आयरिश कायद्यांत मूल्य मोजण्याचे एक परिमाण ‘कुमल’ हे होते, आणि कुमल या शब्दाचा अर्थ दासी. जमीन, दंड, अब्रू, सर्व काही इतक्या दासी म्हणून मोजले जाई. पॅट्रिक स्वतः हे परिमाण आतून ओळखत होता. ब्रिटनमधील एका डीकनचा हा मुलगा सोळाव्या वर्षी हजारो माणसांसह पकडला गेला, आयर्लंडमध्ये गुलाम झाला, सहा वर्षे जनावरे राखली आणि पळून गेला. पुढे बिशप होऊन तो त्याच देशात परतला. सर्वांत अधिक सोसतात त्या दासी झालेल्या स्त्रिया, असे तो लिहितो. पाचव्या शतकातील किती लेखकांनी त्यांच्याकडे पाहिले असेल?

दुसरा लेख, कोरोटिकसच्या सैनिकांना लिहिलेले पत्र, तर थेट बाजाराविषयीच आहे. आदल्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेली माणसे, अंगावरची पांढरी वस्त्रे तशीच, कपाळावरच्या पवित्र तैलाचा सुवास तसाच. कोरोटिकसच्या सैनिकांनी त्यांतल्या काहींना कापून काढले आणि उरलेल्यांना पकडून विकावयास नेले. पकडणारे ख्रिस्ती म्हणविणारे होते. पॅट्रिक त्यांना आठवण देतो की गॉलमधील ख्रिस्ती लोक हजारो सोन्याची नाणी देऊन धर्मगुरूंना फ्रँकांकडे पाठवितात आणि बंदिवान सोडवून आणतात; तुम्ही मात्र ते विकता. आणि सर्व भाविकांना तो एक आदेश देतो: या माणसांनी अश्रूंनी प्रायश्चित्त करून बंदिवान सोडेपर्यंत त्यांच्याबरोबर खाऊ-पिऊ नका आणि त्यांचे दान घेऊ नका.

आमच्या मते या सणाच्या टीकेची जागा येथे आहे. किती प्यावे, हे पॅट्रिक आपल्या या दोन लेखांत सांगत नाही; कोणाबरोबर पिऊ नये, हे सांगतो. कोठे खर्च करू नये याची यादी देत नाही. त्याचा स्वतःचा पैसा कोठे गेला हे सांगतो. ज्या दिवशी त्याच्या नावाने ७२० कोटी डॉलर निघतात, त्या दिवसात गवत आहे, साप आहेत, टोपी आहे, बँड आहे. गुलाम तेवढा नाही. मद्यपी लोकांनी त्याला घालविले असे म्हणावे तर मद्यावर टीका करणाऱ्या आमच्या प्रवचनातही तो नव्हता.

तो फार पूर्वीच हरवला, आणि हरविणाऱ्यांत आमचाच वर्ग पहिला. सातव्या शतकात अर्माघच्या धर्मपीठाला सर्व आयर्लंडवर प्रमुखत्व हवे होते. त्या काळी मुर्खू आणि तिरेखान यांनी लिहिलेल्या चरित्रांत पॅट्रिक राजांच्या जादूगारांना हरविणारा चमत्कारी वीर झाला, आणि त्याने स्थापिलेली म्हणून देवळामागून देवळाची यादी दिली गेली. त्या देवळांवर अर्माघचा हक्क. पुढे त्याचे अवशेष घेऊन देशभर फेरी काढीत आणि देय वसूल करीत. दागिने वेदीवरून उचलून परत देणाऱ्या माणसाच्या नावाने हे झाले. बिअरच्या कारखान्याने त्याचे नाव बाटलीवर लावण्यापूर्वी हजार वर्षे आम्ही ते वसुलीच्या वहीवर लावले होते. ‘कन्फेसियो’ची सर्वांत जुनी प्रत मात्र ९ व्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या अर्माघच्या ग्रंथातच टिकली आहे, आणि तो ग्रंथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आहे. हेही त्यांच्याच पदरी घातले पाहिजे.

आणि मॉन्टसेराट. कॅरिबियन समुद्रातील या लहानशा बेटावर आयरिश मळेवाले होते. ऊस आणि गुलाम हा त्यांचा व्यवहार. १७६८ साली तेथील आफ्रिकी गुलामांनी उठावाचा बेत केला आणि दिवस निवडला तो १७ मार्च. मालक त्या दिवशी सणात आणि पेल्यात गुंतलेले असणार हा त्यांचा हिशेब. बेत फुटला. नऊ जणांना फाशी दिली गेली. गुलामगिरीतून पळालेल्या संताच्या सणाच्या दिवशी, त्याच्या नावाने पेले भरणाऱ्या घरांतून, पळू पाहणाऱ्या गुलामांना पकडले गेले. कोरोटिकसला लिहिलेले पत्र त्या मेजवानीस अक्षरशः लागू होते. १९८५ पासून मॉन्टसेराटमध्ये १७ मार्च ही सार्वजनिक सुट्टी आहे, ती त्या उठावाच्या स्मरणार्थ. आयर्लंडबाहेर फार थोड्या ठिकाणी हा दिवस सुट्टीचा आहे, त्यांपैकी हे एक. आमच्या मते पॅट्रिकचा सण जगात सर्वांत योग्य रीतीने कोठे पाळला जात असेल तर तेथे.

आयर्लंडवर अन्याय होऊ नये म्हणून आणखी एक सांगितले पाहिजे. तेथील बिशपांनी १९७३ साली ‘ट्रोकरा’ ही संस्था स्थापिली. या आयरिश शब्दाचा अर्थ दया. उपवासकाळात तिची पुठ्ठ्याची एक लहान पेटी घरोघर जाते, मुले तीत नाणी टाकतात आणि ईस्टरला ती जमा होते. सण उपवासकाळात येत असल्याने १७ मार्चला, घरातील मंडळी हिरवे कपडे घालून मिरवणुकीस निघतात तेव्हा, ती पेटी टेबलावर किंवा खिडकीत असतेच. तिच्यातील नाणी दूरदेशी दुष्काळात, युद्धात सापडलेल्यांकडे जातात. मिरवणुकीच्या वर्णनात तिचा उल्लेख आम्ही कोठे वाचलेला नाही. स्वाभाविक आहे, तिचे छायाचित्र कोण काढील?

पॅट्रिकने कोरोटिकसकडे प्रथम एक पत्र पाठविले होते. ज्याला त्याने लहानपणापासून शिकविले असा एक धर्मगुरू ते घेऊन गेला आणि बंदिवान परत मागितले. सैनिक त्याच्या तोंडावर हसले. मग हे दुसरे पत्र. ते दडवू नये, सर्व लोकांसमक्ष, खुद्द कोरोटिकस असला तरी त्याच्या समोर, वाचून दाखवावे, अशी त्याची शेवटची विनंती आहे. येत्या १७ मार्चला सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही ते मराठीत वाचणार आहोत. भाषांतर चालू आहे. शिकागोच्या तरुणाला दूरध्वनीवर हे सांगितले. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग त्याने विचारले, ‘पण फादर, ती माणसे सुटली का?’ कोरोटिकसने उत्तर दिल्याची नोंद कोठेही नाही, असे आम्ही त्याला सांगितले.